करकोच्याचें ताट

कोल्ह्यानें करकोच्यास जेवावयास बोलाविलें आणि पसरट ताटांत पेज वाढून ती त्याच्यापुढें ठेविली, ही इसापाची गोष्ट मराठी शाळेंत बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. ताट दोघांपुढें सारखेंच होतें, पेजही एकच होती. वाढण्यांत कोल्ह्यानें काडीचाही भेद केला नव्हता. तरी कोल्हा तृप्त होऊन उठला आणि करकोचा लांब चोंच ताटावर आपटीत उपाशीच राहिला. दोघांस सारखें वाढलें म्हणजे दोघांस सारखें मिळालें असें होत नाहीं, हें त्या गोष्टीचें सार. बालवर्गांतील ही गोष्ट १९७१ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत जाऊन बसली. आणि नोकरींतील भेदभावाविषयींचे दावे त्या देशांत कोणत्या वाटेनें चालावयाचे, हें पुष्कळ अंशीं त्या निकालानें ठरविलें.

ज्या दाव्यांत हा निकाल झाला त्याचा उगम एका लहानशा वीजघरांत आहे. उत्तर कॅरोलिना संस्थानांत ड्रेपर या गांवीं, डॅन नदीच्या कांठीं, ड्यूक पॉवर नांवाच्या कंपनीचें हें वीजघर होतें. दावा दाखल झाला त्या वेळीं तेथें एकंदर ९५ माणसें कामास होतीं, व त्यांपैकीं १४ कृष्णवर्णीय होतीं. कामाचीं खातीं पांच : मजुरी, कोळशाची हलवाहलव, यंत्रें चालविणें, दुरुस्ती, आणि प्रयोगशाळा. कृष्णवर्णीयांस यांपैकीं मजुरी खात्याचें दार तेवढें उघडें असे. उरलेल्या चारही खात्यांत केवळ गोरे कामगार होते. मजुरी खात्यांतील सर्वांत वरच्या जागेचा पगार इतर खात्यांतील सर्वांत खालच्या जागेच्या पगाराहूनही कमी होता. म्हणजे एका शिडीची शेवटची पायरी दुसऱ्या शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंतही पोंचत नव्हती. एखाद्यानें तेथें उभा जन्म घालविला तरी त्याचें डोकें आपल्या शिडीच्या टोंकालाच लागावयाचें.

हा भेद उघड होता, आणि त्या काळीं त्या प्रांतांत तो कोणी झांकूनही ठेवीत नसे. परंतु १९५५ सालीं कंपनीनें आणखी एक नियम केला. मजुरी खेरीज कोणत्याही खात्यांत नव्यानें यावयाचें असेल तर उमेदवारापाशीं हायस्कुल पुरें केल्याचा, म्हणजे आपल्याकडील मॅट्रिकसारखा, दाखला पाहिजे. आणि कोळसा खात्यांतून आंतल्या खात्यांत बदली हवी असेल तरीही तो पाहिजे. ज्या गोऱ्या कामगारांनीं या नियमाच्या आधींच नोकरी धरली होती त्यांच्यांतील पुष्कळांपाशीं असा दाखला नव्हता. तरी ते आपल्या जागीं राहिले, काम नीट करीत राहिले, आणि त्यांस बढत्याही मिळत राहिल्या. ही गोष्ट पुढें दाव्यांत फार महत्त्वाची ठरली.

इकडे देशाचा कायदा बदलत होता. कृष्णवर्णीयांच्या दीर्घ लढ्यानंतर २ जुलै १९६४ रोजीं राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या सातव्या प्रकरणानें वंश, वर्ण, धर्म, लिंग वा मूळ राष्ट्र यांवरून नोकरींत भेद करणें बेकायदा ठरविलें. मालकांस तयारीसाठीं एक वर्षाची सवड देण्यांत आली, व हें प्रकरण २ जुलै १९६५ रोजीं अमलांत आलें. नेमक्या त्याच दिवशीं ड्रेपर येथील वीजघरांत नवीन नियम लागू झाला : मजुरीखेरीज इतर खात्यांत प्रवेश करूं पाहणाऱ्या नव्या उमेदवारानें दाखल्याशिवाय दोन लेखी परीक्षाही उत्तीर्ण झाल्या पाहिजेत. एक सर्वसाधारण बुद्धीची, दुसरी यंत्रविषयक समजुतीची. कृष्णवर्णीयांस मजुरी खात्यांतच ठेवण्याचें जुनें धोरण कंपनीनें त्याच वर्षीं सोडून दिलें; पण त्या खात्यांतून बाहेर पडावयाचें तर दाखला पाहिजे असें ठरलें. सप्टेंबरांत एक सवलत दिली गेली, ती अशी कीं दाखला नसलेल्या जुन्या कामगारानें त्या दोन परीक्षा दिल्या तरी चालेल. दारावरची जुनी पाटी उतरली खरी, परंतु उंबरठा तेवढा उंच झाला.

नियमांत वर्णाचें नांवही नव्हतें. गोरा असो वा काळा असो, दाखला सर्वांसच हवा होता. पण १९६० च्या खानेसुमारीप्रमाणें त्या संस्थानांत हायस्कुल पुरें केलेल्या गोऱ्या पुरुषांचें प्रमाण शेंकडा ३४ होतें, कृष्णवर्णीय पुरुषांचें शेंकडा १२. पिढ्यान् पिढ्या वेगळ्या आणि निकृष्ट शाळांतून ज्यांस शिकावें लागलें, त्यांचें प्रमाण याहून निराळें असण्याचें कारणच नव्हतें. परीक्षांचीही तीच कथा. ज्यांत याच दोन परीक्षांचा समावेश होता अशा परीक्षांच्या एका संचांत, दुसऱ्या एका प्रकरणीं, शेंकडा ५८ गोरे उत्तीर्ण झाले व कृष्णवर्णीय शेंकडा ६, असें आढळून आलें होतें.

अशा स्थितींत त्या चौदांनीं काय करावें? कायद्यानें त्यांस थेट न्यायालयांत जाण्याची मुभा दिली नव्हती. त्यासाठीं एक आयोग नेमलेला होता. त्याचें नांव समान नोकरी-संधि आयोग. पीडित माणसानें प्रथम तेथें तक्रार करावयाची. आयोगानें चौकशी करावी, उभय पक्षांस समोरासमोर बसवून समेट घडवून पाहावा, आणि तो न घडल्यास तक्रारदारास न्यायालयाचा रस्ता मोकळा करून द्यावा, अशी ही योजना होती. स्वतः मालकावर दावा लावण्याची शक्ति आयोगास आरंभीं नव्हती. ती १९७२ च्या दुरुस्तीनें आली. आजही क्रम तोच आहे. अन्याय घडल्यापासून १८० दिवसांत, आणि जेथें प्रांताचें स्वतंत्र खातें आहे तेथें ३०० दिवसांत, तक्रार नोंदवावी लागते. व दाव्याची परवानगी देणारें पत्र हातीं पडल्यावर ९० दिवसांत दावा दाखल करावा लागतो. मुदत टळली कीं तक्रार कितीही खरी असली तरी बहुधा ती ऐकली जात नाहीं.

मार्च १९६६ मध्यें ड्रेपरच्या कामगारांची तक्रार आयोगापुढें गेली. त्यानंतर पांच महिन्यांनीं, ऑगस्टांत, मजुरी खात्यांतील एका कृष्णवर्णीयास प्रथमच वरच्या खात्यांत जागा मिळाली. त्याच्यापाशीं हायस्कुलाचा दाखला होता आणि तो १९५३ पासून मजुरी खात्यांत होता. तो हायस्कुल पास आहे हें कळावयास कंपनीस तेरा वर्षें आणि एक तक्रार लागली! उरलेल्या तेरा जणांनीं दावा चालविला. त्यांत विली ग्रिग्ज या मजुराचें नांव पहिलें असल्यामुळें दावा ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी या नांवानें ओळखला जातो.

कंपनीची बाजू दिसावयास भक्कम होती. नियम सर्वांस एकच. कायद्यानें व्यवसायाच्या जाणकारांनीं तयार केलेल्या परीक्षा घेण्यास स्पष्ट परवानगी दिलेली. शिवाय अशिक्षित कामगारांनीं शिकावें म्हणून शाळेच्या फीचा दोन-तृतीयांश भाग कंपनी स्वतः भरीत असे. मग तिच्या मनांत भेद आहे असें कशावरून म्हणावें? जिल्हा न्यायालयानें हेंच म्हटलें. पूर्वीं भेद होता, पण तो संपला. नवा कायदा मागल्या कृत्यांस लागू नाहीं. नव्या नियमांत कपट दिसत नाहीं. सबब दावा रद्द. १९७० सालीं अपील न्यायालयानें हा निकाल थोडा सैल केला. दाखल्याचा नियम होण्यापूर्वीं जे मजुरी खात्यांत होते त्यांस आतां तो नियम लावतां येणार नाहीं, कारण त्यांच्या बरोबरीच्या गोऱ्यांस तो कधींच लावला गेला नव्हता, एवढें त्यानें मान्य केलें. परंतु मुख्य प्रश्नावर बहुमत कंपनीच्याच बाजूस पडलें. न्यायमूर्ति सोबेलॉफ यांनीं तेवढा भिन्न मताचा निकाल लिहिला.

या दाव्यांची खरी अडचण येथें उघडी पडते. चोराच्या घरीं मुद्देमाल सांपडतो; कर्जबुडव्याचें खतपत्र असतें. परंतु माणसाच्या मनांतील तिरस्कार कोणत्या पेटींत शोधावा? मालक भेद करतो तो बहुधा बोलून करीत नाहीं, लिहून तर नाहींच नाहीं. आणि त्याचें मन उघडून दाखविण्याचा भार जर नोकरीस मुकलेल्या मजुरावर टाकला, तर कायदा पुस्तकांतच राहावयाचा.

८ मार्च १९७१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनीं तो लिहिला, आणि सुनावणींत असलेले आठही न्यायमूर्ति एकमताचे होते. कंपनीच्या मनांत दुष्ट हेतु होता असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. खालच्या न्यायालयांचा तो निष्कर्ष त्यानें तसाच राहूं दिला. पण हेतु चांगला असला म्हणून नियम निर्दोष होत नाहीं, असें त्यानें बजावलें. कायद्याची दृष्टि मालकाच्या मनाकडे नसून त्याच्या कृतीच्या परिणामाकडे आहे. जो नियम बाहेरून निःपक्षपाती दिसतो, परंतु एका वर्गास शेंकड्यांनीं बाहेर ठेवतो, तो त्या कामास खरोखर आवश्यक आहे असें मालकानें दाखविलें पाहिजे. न दाखवितां आल्यास तो नियम टिकणार नाहीं. ड्यूक पॉवर कंपनीस तें दाखवितां आलें नाहीं. दाखला नसलेले गोरे कामगार वर्षानुवर्षें तेंच काम चोख करीत होते, ही गोष्टच तिच्या विरुद्ध साक्षीस उभी राहिली. ज्यांनीं कधीं पदवी वा दाखला मिळविला नाहीं अशा स्त्रीपुरुषांनीं मोठमोठीं कामें पार पाडल्याचीं उदाहरणें इतिहासांत भरपूर आहेत, याचेंही स्मरण न्यायालयानें करून दिलें. आणि समान संधि म्हणजे कोल्हा व करकोचा यांच्यापुढें एकाच भांड्यांत दूध ठेवणें नव्हे, हा दृष्टांत याच ठिकाणीं आला.

या निकालाचा अर्थ परीक्षा वा दाखले बंद करा असा नव्हता. परीक्षा कामाची असावी, माणसाची केवळ चाळण करणारी नसावी, एवढाच त्याचा अर्थ. तसेंच, पूर्वीं अन्याय सोसला म्हणून अमक्यास नोकरी द्याच, असेंही न्यायालयानें म्हटलें नाहीं. उलट असा हक्क कायदा देत नाहीं हें त्यानें स्पष्ट लिहिलें.

परंतु सर्वच तक्रारी नियमाविरुद्ध नसतात. पुष्कळदां एकच माणूस येतो आणि म्हणतो, जागा रिकामी होती, मी लायक होतों, आणि मला माझ्या वर्णामुळें परत पाठविलें. तेथें परिणामाचे आंकडे कामास येत नाहींत. मालकाच्या हेतूचाच निवाडा करावा लागतो. या प्रकारच्या दाव्यांची रीत १९७३ च्या एका निकालानें घालून दिली. सेंट लुई येथील मॅक्डॉनेल डग्लस या विमानें बांधणाऱ्या कंपनींत पर्सी ग्रीन नांवाचा कृष्णवर्णीय यंत्रकामगार होता. १९६४ मध्यें कामगारकपातींत त्याची नोकरी गेली. कंपनीचें धोरण वर्णद्वेषाचें आहे असें म्हणून त्यानें निषेधाच्या चळवळींत भाग घेतला, व इतरांबरोबर मोटारी आडव्या घालून कारखान्याचे रस्ते अडविले. जुलै १९६५ मध्यें कंपनीनें यंत्रकामगार पाहिजेत अशी जाहिरात दिली. ग्रीननें अर्ज केला, आणि तो नाकारला गेला.

न्यायमूर्ति पॉवेल यांनीं या दाव्यांत पुराव्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी वादीची. आपण अल्पसंख्य वंशाचे आहों, लायक असून अर्ज केला, तो नाकारला गेला, आणि त्यानंतरही जागा रिकामी राहून मालक तशाच माणसाच्या शोधांत राहिला, एवढें त्यानें दाखविलें कीं सकृद्दर्शनीं भेद झाला असें धरलें जातें. दुसरी पायरी मालकाची. नकाराचें कायदेशीर कारण त्यानें पुढें मांडलें पाहिजे. गप्प बसतां येत नाहीं. ग्रीनच्या बाबतींत रस्ता अडविल्याचें कारण कंपनीनें दिलें. तिसरी पायरी पुन्हां वादीची. दिलेलें कारण ही नुसती सबब आहे, आंतलें कारण निराळें आहे, हें दाखविण्याची त्यास संधि मिळाली पाहिजे. उदाहरणार्थ, तसेंच वर्तन करणाऱ्या गोऱ्या कामगारास कंपनीनें ठेवून घेतलें काय? शेवटचा शाबितीचा बोजा मात्र वादीच्याच शिरावर राहतो. हें १९८१ च्या निकालांत अधिक स्पष्ट झालें.

ग्रीनच्या नांवानें चालणारी ही रीत आज त्या देशाच्या न्यायालयांत नित्याची झाली आहे. स्वतः ग्रीन मात्र फेरचौकशींत दावा हरला. रस्ता अडविल्याचें कारण ही खोटी सबब होती, असें त्यास सिद्ध करतां आलें नाहीं. ज्यानें इतरांसाठीं वाट पाडली त्यास त्या वाटेनें आपल्या घरीं पोंचतां आलें नाहीं.

ग्रिग्जच्या निकालाचेंही भवितव्य निर्वेध राहिलें नाहीं. अलास्कांतील सामन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांच्या एका दाव्यांत १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं शाबितीचा बोजा पुन्हां कामगारांकडे सरकविला. नियम आवश्यक आहे हें मालकानें सिद्ध करावें असें नाहीं. त्यानें कारण मांडावें आणि तें पोकळ असल्याचें कामगारांनीं सिद्ध करावें, असा त्या निकालाचा रोख होता. यावर लोकसभेंत दोन वर्षें वाद चालला. मालक आंकड्यांच्या भीतीनें वर्णवार जागा वांटूं लागतील, असें एका पक्षाचें म्हणणें. बोजा न बदलल्यास कायदा निर्जीव होईल, असें दुसऱ्याचें. अखेर १९९१ च्या नागरी हक्क कायद्यानें निवाडा केला. ज्याच्या नियमानें एक वर्ग बाहेर पडतो त्या मालकानेंच नियमाचा कामाशीं संबंध व त्याची आवश्यकता सिद्ध करावी, असें त्यांत लिहिलें गेलें. जाणूनबुजून केलेल्या भेदाच्या दाव्यांत ज्यूरीपुढें चौकशी मागण्याचा व नुकसानभरपाईचा हक्कही याच कायद्यानें दिला. त्या भरपाईची कमाल मर्यादा कारखान्याच्या आकाराप्रमाणें ५०,००० पासून ३,००,००० डॉलरपर्यंत ठेविली आहे. परिणामावरून चालणाऱ्या दाव्यांत अशी भरपाई नाहीं. बुडालेला पगार, नोकरी आणि नियमाची दुरुस्ती एवढेंच मागतां येतें.

वाद येथेंही थांबला नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानें सरकारी खात्यांस केवळ परिणामावरून उभ्या राहणाऱ्या प्रकरणांचा पाठपुरावा मागें ठेवण्यास सांगण्यांत आलें. कायद्याचीं कलमें त्या हुकुमानें पुसलीं गेलीं नाहींत. पण सरकारचा आधार गेला कीं दाव्याचा सारा खर्च आणि खटाटोप कामगाराच्याच अंगावर येतो. हक्क कागदावर असणें आणि तो मागण्याचें बळ अंगीं असणें, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ड्रेपरच्या मजुरांनीं पेटविलेल्या या दिव्याचा उजेड पन्नास वर्षांनीं भारतांतही पोंचला. फेब्रुवारी २०२० मध्यें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सैन्यांतील स्त्री अधिकाऱ्यांस कायम सेवेचा हक्क असल्याचा निकाल दिला. त्याप्रमाणें सैन्यानें निवडमंडळ बसविलें. परंतु कसोट्या अशा लाविल्या कीं अनेक जणी बाहेर पडल्या. पुरुष अधिकाऱ्यांची शरीरप्रकृति त्यांच्या सेवेच्या पांचव्या किंवा दहाव्या वर्षीं, ऐन तारुण्यांत, तपासली गेली होती. स्त्रियांस मात्र हक्क उशिरां मिळाला म्हणून तीच कसोटी चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास लावली गेली. ज्या काळीं स्त्रियांस कायम सेवेची आशाच नव्हती त्या काळीं लिहिलेले गोपनीय अहवालही त्यांच्या विरुद्ध मोजले गेले. माप सर्वांस एकच होतें, हें येथेंही खरें. लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या दाव्यांत २५ मार्च २०२१ रोजीं न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड यांनीं निकाल लिहिला. त्यांत ग्रिग्जच्या निकालाचा परामर्श घेऊन, अप्रत्यक्ष भेदभाव हाही राज्यघटनेंतील समतेच्या विरुद्ध आहे व तो ठरविण्यास दुष्ट हेतूची आवश्यकता नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें.

इसापाच्या गोष्टीचा उत्तरार्धही सर्वांस आठवत असेल. करकोच्यानें कोल्ह्यास आपल्या घरीं बोलाविलें, अरुंद तोंडाच्या सुरईंत जेवण वाढलें आणि सूड उगविला. न्यायालयानें गोष्टीचा पूर्वार्ध घेतला, उत्तरार्ध घेतला नाहीं. कोल्ह्यास उपाशी ठेवण्यास त्यानें कोणासही सांगितलें नाहीं. जो यजमान स्वतःस निःपक्षपाती म्हणवितो त्यानें पंगत बसण्यापूर्वीं एकदां भांड्याकडे पाहावें, आणि हें भांडें अन्नासाठीं आहे कीं पाहुण्यास परत पाठविण्यासाठीं, याचें उत्तर मागितल्यास द्यावें, एवढीच त्याची अपेक्षा आहे. तें उत्तर कोणी द्यावयाचें, यजमानानें कीं उपाशी पाहुण्यानें, यावरच या सर्व दाव्यांचा जयापजय अवलंबून असतो; आणि म्हणूनच त्या एका प्रश्नाभोंवतीं न्यायालयांत व लोकसभेंत इतकीं वर्षें झुंज चालली आहे.